पुरुमेंताचं फेस्त: मडगावचा बाजार आणि इगर्जेचं पंचांग

मे महिना सरत आला की मडगावात होली स्पिरिट इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, आसपासच्या रस्त्यांवर सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चिंच यांचे ढीग लागतात. हेच पुरुमेंताचं, म्हणजे बेगमीचं, फेस्त. वर्तमानपत्रांत दरवर्षी त्याचा फोटो येतो आणि खाली ठरलेली ओळ असते: पावसाळ्याच्या बेगमीची जुनी परंपरा. ओळ खोटी नाही, पण तिच्यातून कळत काहीच नाही. पावसाळ्याची बेगमी मालवणात होते, वेंगुर्ल्यात होते, रत्नागिरीत होते. तिथे त्यासाठी कुठल्या चर्चच्या सणाची गरज पडली नाही. मग मडगावात ती पेन्टेकॉस्टच्या फेस्ताला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, का बांधली गेली? त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं मडगाव पाहावं लागतं. तेव्हा तिथला दुकानदार बहुतेक हिंदू होता, गिऱ्हाईक बहुतेक ख्रिस्ती होतं, आणि दोघांचं वर्ष इगर्जेच्या घंटेवर चालत होतं.

मडगाव हे साश्टी तालुक्याचं मुख्य ठिकाण. १७७८ साली पोर्तुगीज राजवटीने त्याला नगराचा दर्जा दिला, तरी १९०० च्या आसपास ते मोठं खेडंच वाटावं असं होतं. मधोमध इगर्ज, तिच्यासमोर मोठं पटांगण, पटांगणात कोरीव खुरीस म्हणजे क्रूस, कडेने भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, ओसऱ्यांची घरं. त्यापलीकडे बाजार आणि मग माड, शेतं. पहिली इगर्ज १५६४ च्या सुमारास देवळाच्या जागेवर उभी राहिली. पुढे आदिलशाही फौजांच्या हल्ल्यात ती जळली, आणि आजची इमारत १६७५ ची आहे. मडगावचा देव दामोदर तेव्हाच गावाबाहेर गेला, थेट जांबावलीला.

या स्थलांतराचा बाजारावर झालेला परिणाम सहसा कुणी लक्षात घेत नाही. मडगावच्या हिंदू व्यापाऱ्यांचा देव गावात उरला नाही. शिमग्याला ते जांबावलीला जात, आठवडाभर तिथे राहत, गुलाल खेळत. आजही जातात. पण त्यांचं दुकान मडगावात होतं, आणि मडगावात ज्या दिवशी हजारो माणसं एका जागी जमत तो दिवस होता इगर्जेच्या फेस्ताचा. देवळाची जत्रा गावात असती तर बेगमीचा बाजार कदाचित जत्रेला भरला असता. जत्रा बाहेर गेली, म्हणून बाजाराने फेस्त धरलं.

तसं इगर्जेचं पटांगण हीच गावातली एकमेव खरी सार्वजनिक जागा होती. निवडणुकासुद्धा इगर्जेत होत. २१ सप्टेंबर १८९० ला नगरपालिकेच्या निवडणुकीवरून याच पटांगणात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि अनेक माणसं मेली. नगरपालिकेची स्वतंत्र इमारत १९०५ ची. ती उभी राहिली तरी गावाला काही सांगायचं असेल तर रविवारच्या मिसानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, इगर्जेच्या पायऱ्यांवर सांगणं हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग राहिला.

दुकानदाराच्या अंगाने पाहिलं तर इगर्जेचं पंचांग म्हणजे मागणीचं वेळापत्रक होतं. ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू झाला की मांस बंद, मासळीला तेजी. त्या चाळीस दिवसांत लग्नं नाहीत, म्हणजे कापड थंड, सोनार थंड. ईस्टर झालं की दोन्ही एकदम उसळत, कारण ईस्टर ते पाऊस एवढ्याच काळात लग्नं उरकायची असत. ख्रिस्ती नवरीच्या हातात चुडा भरायला कांकणकार यायचा, तो हिंदू. तिचे दागिने घडवणारा शेट हिंदू, आणि जपमाळेला सोन्याची साखळी नि खुरीस बसवणाराही बहुधा तोच. नवरीचा झगा शिवणारा शिंपी मात्र ख्रिस्ती. नोव्हेंबरात मेलेल्यांची आठवण, म्हणजे मेणबत्त्या. डिसेंबरात नाताळ, म्हणजे गूळ, नारळ, तांदळाचं पीठ, तूप. बार्देशातला किंवा साश्टीतला खाजेकार तर दोन्ही पंचांगं तोंडपाठ ठेवायचा. आज इगर्जेचं फेस्त, उद्या देवळाची जत्रा, टोपली तीच आणि खाजंही तेच. सर्वधर्मसमभावावर भाषणं करणाऱ्यांना त्याच्याकडून बरंच शिकता आलं असतं, पण त्याला वेळ नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे. पेन्टेकॉस्ट म्हणजे ईस्टर धरून पन्नासावा दिवस. ईस्टर चंद्रावर चालतं, त्यामुळे पेन्टेकॉस्ट १० मे ते १३ जून यांच्या मध्ये कुठेही पडू शकतं. पाऊस मात्र चंद्राकडे पाहत नाही. गोव्यात तो साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. १९१३ साली ईस्टर २३ मार्चला होतं, म्हणजे पेन्टेकॉस्ट ११ मे, पावसाला तीन आठवड्यांहून अधिक अवकाश. १९०५ साली ते ११ जूनला आलं आणि १९४३ साली थेट १३ जूनला. अशा वर्षी सुकी मासळी उघड्यावर मांडणाऱ्या खारवी बायकांचं काय होत असेल, याची कल्पना करता येते. म्हणून बाजार एका दिवसाचा कधीच नव्हता. फेस्त हे त्याचं नाव, पण माल आधीपासून येऊ लागे आणि पुढेही काही दिवस विकला जाई.

शिवाय त्याच्याआधी एक फेरी होऊन गेलेली असे. म्हापशाला सेंट जेरोमच्या इगर्जेत मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मरियेचं, फेस्त ईस्टर धरून सोळाव्या दिवशी, सोमवारी येतं. म्हणजे ते लवकरात लवकर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि उशिरात उशिरा १० मेच्या आसपास. शिरगावची देवी लईराई ही मिलाग्रीसची बहीण अशी लोकांची श्रद्धा. त्यामुळे त्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येत आणि बाजारही दुप्पट भरे. दोन फेस्तांमध्ये पाच आठवड्यांना एक दिवस कमी एवढं अंतर राहतं, ईस्टर लवकर असो की उशिरा. आधी उत्तर गोव्याची बेगमी, मग दक्षिण गोव्याची. व्यापाऱ्याला माल विकायला दोन मोठे मुक्काम मिळाले आणि म्हापशाला उरलेलं मडगावला खपवायची सोय झाली. हे कुणी बसून आखलं नसणार, पण याहून सोयीचं आखताही आलं नसतं.

बेगमी कशाची होती? समुद्र बंद होणार म्हणून आधी मासळी. खारे बांगडे, सुकी सुंगटां म्हणजे कोळंबी, गालमो म्हणजे जवळा, पेडवे. काही तशीच कोरडी ठेवायची, काही व्हिनेगर आणि मसाल्यात मुरवून पारा करायचा. व्हिनेगर माडाच्या सुरेचं, म्हणजे सूर काढणाऱ्या रेंदेराकडून. मग भिरंडाची सोलां म्हणजे आमसुलं, चिंच, मीठ, कांद्याच्या माळा, कुळीथ, गूळ, लाल मिरची. फणसाच्या बिया मातीत घोळवून ठेवायच्या. कैऱ्या मिठात. चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, उन्हात सुकवून, धुरावर टांगून. हे सगळं ठेवायला चिनी मातीच्या बुयांवा म्हणजे बरण्या आणि मातीची मडकी लागत, आणि ती फेस्तात मिळत. डिचोलीची मडकी, कुंकळ्ळीची लोखंडी अवजारं, वेताच्या नि बांबूच्या टोपल्या, चटया, लाकडी पेट्या. मिरची, कांदा, कडधान्य घाटावरून यायचं.

एवढी साठवण किती दिवस पुरवायची? नवं भात येईपर्यंत. साश्टीत रायच्या इगर्जेत ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं. पाद्री शेतात जाऊन पहिली कणसं कापतो, आशीर्वाद देतो आणि ती घरोघर जातात. म्हणजे पावसाळ्याच्या एका टोकाला साठवणीचं फेस्त, दुसऱ्या टोकाला नव्या पिकाचं. मधल्या काळात सांजांव येतं, सांगोड येतो. विहिरीत उड्या मारायच्या, होड्या बांधून त्यावर नाचायचं, आणि घरी जाऊन कुळथाचं कढण प्यायचं.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही बेगमी निव्वळ पावसाची राहिली नव्हती. तिच्यामागे तीस वर्षांची आर्थिक उलथापालथ होती, आणि माझ्या मते मडगावच्या बाजाराचा खरा इतिहास तिथे आहे.

रेल्वेआधी साश्टीचा घाटावरशी व्यापार बैलांच्या पाठीवर चालायचा. लमाण तांडे तिनई घाटासारख्या वाटांनी धान्य उतरवत आणि मीठ चढवत. मिठागरं हा गोव्याचा जुना धंदा. २६ डिसेंबर १८७८ ला ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांनी करार केला. १८८० पासून बारा वर्षांसाठी दोन्ही मुलखांत जकातीचा एकच कारभार, आणि गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचं नियंत्रण. पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वर्षाला ४ लाख रुपये मिळायचे. सरकारला रुपये मिळाले, मिठागरवाल्यांचं काम गेलं. उत्पादनावर मर्यादा आली, मीठ महाग झालं, आणि माड काढण्यावरची अबकारी चढली, त्यामुळे रेंदेरही अडचणीत आला. मीठ आणि सूर या दोन्हींशिवाय साश्टीचं स्वयंपाकघर चालत नाही. खारवलेली मासळी, व्हिनेगर, फेणी, एवढंच काय, पोदेराचा पावही सुरेने फुगायचा. मिठावर आणि माडावर एकाच वेळी कर बसला की गावातला एकही धंदा त्यातून सुटत नाही.

याच कराराच्या पोटी रेल्वे आली. लंडनमध्ये स्थापन झालेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीने मार्मागोव्याहून मडगावमार्गे रूळ टाकले. १८८७ मध्ये सावर्ड्यापर्यंत गाडी धावली, १८८८ मध्ये कॅसलरॉकपर्यंत, म्हणजे घाटावरच्या लोहमार्गापर्यंत. लमाणांचे तांडे त्यानंतर फार दिवस टिकले नाहीत. मार्मागोवा बंदराने मुंबईला टक्कर द्यावी अशी स्वप्नं होती, ती बुडाली. मडगावला मात्र स्टेशन मिळालं. हुबळी-धारवाडकडची मिरची आणि धान्य आता बैलाऐवजी वाघिणीतून येऊ लागलं. १८९२ च्या जानेवारीत करार संपला, पुन्हा सरहद्दीवर जकात बसली, आणि त्याच गाडीतून येणारा तोच माल एका रात्रीत परदेशी झाला. त्यावेळी गोवा स्वतःच्या तांदळावर वर्ष काढू शकत नव्हता. तांदूळ बाहेरून येणार, त्यावर जकात पडणार, आणि पावसात मुंबईची किनाऱ्यावरची आगबोट बंद राहणार. अशा गावात मे महिन्यात कोठार भरून ठेवणं ही नुसती परंपरा राहत नाही. चार महिने भाव कुणाच्या हातात राहील, याचं ते उत्तर असतं.

माल घ्यायला पैसा कुठून यायचा? मिठागरं आणि माड यांनी ज्यांना बाहेर ढकललं ते मुंबईला गेले, जहाजांवर गेले, आफ्रिकेला गेले. तारवटी म्हणजे जहाजावर स्वयंपाकी, बटलर, खलाशी म्हणून राबणारा माणूस. मुंबईत धोबीतलाव, माझगाव, चिराबाजार भागात गावोगावचे कूड होते. प्रत्येक गावाचा वेगळा कूड, त्यावर त्या गावच्या संताचं नाव, भिंतीवर वेदी, रात्री लादाइन म्हणजे सामूहिक प्रार्थना. बोट लागेपर्यंत तिथे पडून राहायचं, आपली पेटी तिथे ठेवायची. मराठी वाचकाला गिरणगावातल्या कोकणी गिरणीकामगारांच्या खोल्या आठवतील. फरक एवढाच की कूडाला इगर्जेची शिस्त होती. हा माणूस घरी पैसे पाठवायचा, आणि मडगावच्या दुकानदाराची उधारीची वही त्या पैशांच्या भरवशावर चालायची. घरची बाई तांदूळ, तेल, गूळ वर्षभर उचलायची, मुलगा सुट्टीवर आला की हिशेब फिटायचा. ती वही बहुधा मराठीत असायची, गिऱ्हाईक कोकणी बोलायचं, आणि कोर्टात भांडण गेलंच तर पोर्तुगीजमध्ये.

त्याच पैशाने इगर्जही चालली. फेस्ताला एक प्रेजेंत असतो, म्हणजे त्या वर्षीचा यजमान. नोव्हेनाचे नऊ दिवस, व्हेस्पर, फेस्ताचा मीस, बँड, दारूकाम, मेणबत्त्या, जेवणं, सगळा खर्च त्याचा. पूर्वी हा मान भाटकारांचा असे. आफ्रिकेतला कारकून किंवा बोटीवरचा मुख्य स्वयंपाकी प्रेजेंत होऊ लागला तेव्हा गावात कुजबुज झाली असणारच. कारण इगर्जेतही सगळे सारखे नव्हते. कोंफ्रारी म्हणजे भाविकांची मंडळं, त्यांची लाल-पांढरी ओपां म्हणजे झगे घालून मिरवणुकीत चालायचा हक्क, हे सगळं गावकार घराण्यांकडे आणि जातीकडे पाहून ठरायचं. धर्म बदलून साडेतीनशे वर्षं झाली होती, बामण आणि चाड्डी या ख्रिस्ती जाती मात्र आपापल्या जागी होत्या. खारव्याने आणलेल्या मासळीवर फेस्ताचा बाजार उभा राहायचा, पण ओप घालायचा हक्क त्याला सहजी मिळत नसे. कोमुनिदाद, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक जमीनसंस्था, इगर्जेच्या खर्चाचा वाटा उचलायची, आणि तिच्यातही तीच घराणी. बाजारात कुणीही कुणाकडून काहीही घेऊ शकायचं. पायरी चढून आत गेलं की रांग लागायची.

एका गोष्टीत मात्र इगर्जेने गरिबाला खरोखर काही दिलं, आणि ते फार विकलं गेलं. इगर्जेला जोडून संगीताची शाळा असे. तिथे मेस्त पोरांना सोल्फ म्हणजे स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचा. हेतू एवढाच की मिसाला गाणारे, वाजवणारे मिळावेत. पण नोटेशन वाचता येणारा माणूस मुंबईच्या, पुण्याच्या, संस्थानांच्या बँडला हवाच होता. वेदीसाठी तयार झालेली पोरं हॉटेलांत, पलटणींत, मूकपटांच्या थिएटरांत वाजवू लागली, आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांच्या मुलांनी जागा धरल्या. साश्टीच्या निर्यातीची यादी करताना नारळ, आमसूल, मीठ यांच्यासोबत व्हायोलिनवादक धरायलाच हवा.

ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि २० एप्रिल १९११ ला धर्म व राज्य वेगळं करणारा कायदा झाला. वसाहतींत तो जसाच्या तसा राबला नाही. पण हिंदूंना कायद्याने बरोबरीची जागा मिळाली. मडगावात मराठी शाळांना, वाचनालयांना, संस्थांना बळ आलं, आणि गोमंत विद्या निकेतनासारखी संस्था याच काळातली. शेजारच्या चांदरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा १९०० साली ओ हेराल्दो या दैनिकाच्या उभारणीत होते. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचं ओ देबाते काढलं आणि त्यात पाद्र्यांवरही कोरडे ओढले. हे सगळं पोर्तुगीजमध्ये, म्हणजे वाचणारे मूठभर. फेस्ताच्या बाजारावर त्याचा ओरखडाही उठला नाही. राज्याने इगर्जेकडे पाठ फिरवली म्हणून पाऊस थांबणार नव्हता, आणि घाटावरचा मिरचीवाला पेन्टेकॉस्ट कधी आहे हे सरकारी राजपत्रात बघत नव्हता.

बाजाराला खरा धक्का बसला तो १९५५ मध्ये. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वेची ये-जा बंद पडली आणि घाटावरचा माल अडला. तांदूळ, बटाटे, कांदे समुद्रमार्गे दूरदेशांतून आले. डिसेंबर १९६१ नंतर सरहद्द गेली, जकात गेली, ट्रक बारा महिने येऊ लागले, आणि चार महिन्यांचे भाव एकाच महिन्यात बांधून ठेवण्याचं कारण उरलं नाही. फ्रीज आला तसा पाऱ्याच्या बुयांवांचा आकार लहान झाला. फेस्तात आता फर्निचर, प्लास्टिकच्या बादल्या, कपडे यांनी जास्त जागा व्यापलेली असते. सुक्या मासळीच्या रांगा तेवढ्या टिकल्या आहेत. यांत्रिक होड्यांना जून-जुलैत मासेमारीबंदी असते, आणि त्या दोन महिन्यांत ताजा बांगडा मिळाला तर त्याचा भाव विचारायला धाडस लागतं.